नमुना ४१७

कंग्राळीत सगळ्यांना वाटतं मी दवाखान्यात आहे.
"एक्स-रे म्हणजे हाडंच की गे," म्हणत
नागव्वाकाकू गुडघ्याची फिल्म घेऊन येतात,
खिडकीच्या उजेडात धरतात.
मीही बघते, काही कळत नसताना,
कारण त्या शेंगाचटणी बांधून आणतात.

माझ्याकडे येतं ते मोहरीहून बारीक,
आणि दुसऱ्यांचं.
कुणी धारवाडहून पाठवतं, कुणी कोल्हापूरहून,
कापसात गुंडाळलेली कुपी,
सोबत चिठ्ठी: शुक्रवारपर्यंत मिळेल का?
तेलाच्या थेंबात मी तो दाणा शोधते,
नायलॉनच्या फासात उचलते
श्वास धरून,
उणे एकशे त्र्याहत्तरच्या वाऱ्यात ठेवते.
बाकी सगळं यंत्र करतं,
असं संचालक पाहुण्यांना सांगतात.

उद्यमबागेत आमच्या भिंतीला लागून फाउंड्री.
दिवसपाळीनं साचे फोडायला घेतले
की माझा दाणा किरणातून हलतो,
केसाच्या दहाव्या भागाएवढा,
पण हलतो.
म्हणून जिवाचे नमुने मी रात्री लावते.

नायट्रोजन हुबळीहून येतो.
टँकरवाला ईरण्णा कन्नडमध्ये लिटर मोजतो,
मराठीत रस्त्याला शिव्या घालतो
आणि वहीपाशी पेन उचलून विचारतो,
सही कुठल्या लिपीत करू?
आकडा बरोबर घाल, मी म्हणते. पुरे.

४१७ मलप्रभा देसूरकरचा.
खानापूरची पोर.
आठ महिने फ्रीजच्या मागच्या फळीवर,
झाकणाला सुईनं एकच भोक पाडून,
द्रावण उडायची वाट बघत बसलेली.
कुपीच्या एका अंगाला नाव कन्नडमध्ये, दुसऱ्या अंगाला मराठीत,
कुणीही उचलली तरी परत मिळावी म्हणून.
बसमधून मांडीवर घेऊन आली.
"फुटला तर सांगू नका मॅडम," म्हणाली,
आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

पहिल्याच फ्रेमवर दिसलं.
प्रत्येक ठिपक्याला शेजारी एक ठिपका,
एकाच अंगणात दोघी जावांनी
न बोलता रांगोळी घालावी तसं.
संगणक म्हणाला: नमुना सदोष. दुसरा लावा.
दुसरा नव्हता.

साडेअकराला करंट गेला.
जनरेटर धरेपर्यंतचे अकरा सेकंद
मी फक्त वाऱ्याचा आवाज ऐकत होते,
तो थांबला असता तर काहीच उरलं नसतं.

मग बसले निवडत.
हे ठिपके ह्याचे.
हे त्याचे.
आणि हे इतके एकावर एक पडलेले
की दोघांच्या नावावर मांडावे लागतात.
जुळा होता. एका बीजावर दोन वाढलेले,
एक दुसऱ्याकडे पाठ करून, एकशे ऐंशी अंशांत,
आणि मधली हद्द नेमकी कुठून जाते
ते सूक्ष्मदर्शकालाही दाखवता येईना.
पुस्तकात यावर चाळीस पानं आहेत.
इथं जन्मलेल्या बाईला
पहिली दहा वाचावी लागत नाहीत.

चारच्या सुमाराला चूक एकोणीस टक्क्यांवरून
सव्वाचारवर आली.
अणू जागेवर बसले, गंधक, नत्र, सगळे,
आणि एका कोपऱ्यात पाण्याचा एक रेणू,
जो मलप्रभानं घातलाच नव्हता.
सुईच्या भोकातून आला असावा,
खानापूरची हवा.

निबंध छापून आला. शेवटी, संदर्भांच्या आधी,
तांत्रिक साहाय्याबद्दल माझे आभार,
आडनावात एक अक्षर कमी.
पहिल्या फ्रेमची छापील प्रत मी घरी आणली होती.
काकूंनी ती सवयीनं खिडकीत धरली.
"ह्ये कुणाचं गे?"
खानापूरच्या एका पोरीचं.
"बरी हाय न्हवं?"
बरी आहे, म्हटलं. दोन आहेत.